विसावं नाव

आधी माझ्याबरोबर एक कल्पना कर. समज, एका लांबट वहीत तुझं नाव लिहिलेलं आहे. वहीची पाठ लाल कापडाची, कोपरे हात लागून लागून मऊ झालेले. रोज सकाळी कुणीतरी ती वही उघडतं आणि तुझं नाव मोठ्याने घेतं. पण तू तिथे नाहीस. तुझं दप्तर नदीपलीकडच्या दुसऱ्याच एका शाळेच्या ओट्यावर आहे, आणि तिथल्या वहीत तुझं नाव नाही. जिथे तू आहेस तिथे तुला कुणी हाक मारत नाही, जिथे हाक मारतात तिथे तू नाहीस. आता सांग, कसं वाटतं? घाई करू नकोस. मी चौतीस वर्षं लहान मुलांना शिकवलं, आणि उत्तराची वाट पाहणं मला चांगलं जमतं असं लोक म्हणायचे. हा प्रश्न मात्र माझ्यापर्यंत पोचायला सात-आठ वर्षं लागली. तोही मला सुचला नाही. माझ्या मुलीने तो एका सकाळी चहाच्या कपाशेजारी आणून ठेवला.

जान्हवी इथेच, आदिलाबादला, एका कंपनीत काम करते. रात्रपाळी करून सकाळी साडेसहाला तिची स्कूटी फाटकाशी थांबते. तिची आई, रमाबाई, तोपर्यंत चहा ठेवते. त्या दिवशी जान्हवीने हेल्मेट काढलं, टीपॉयवर ठेवलं आणि केसही सारखे न करता म्हणाली, "बाबा, मी एक नाव कापलं नाही." मला वाटलं, लग्नाच्या आमंत्रणांची यादी वगैरे असेल. जूनचा शेवट होता, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, खिडकीबाहेरून मुलं जात होती आणि कुणाची तरी पाण्याची बाटली दप्तराला लटकून टकटक वाजत होती. मी तो आवाज ऐकत होतो. निवृत्तीनंतर मला ते आवाज फार लागतात. म्हणून मी नुसतं विचारलं, "कोणाचं?"

"सांगता येत नाई. कागदावर सही केलेली हाय ना. तिकडची एक पोरगी हाय, बस."

तिकडची म्हणजे अमेरिकेतली. जान्हवीची कंपनी तिकडच्या एका विद्यापीठाच्या याद्या सांभाळते. पूर्वी मला ते काम नीट समजत नव्हतं आणि समजून घ्यायची मी तसदीही घेतली नव्हती. कुणी विचारलं तर ‘कॉम्प्युटरवर आहे’ एवढं सांगायचो. त्या सकाळी तिने मला ते काम एखाद्या दुसरीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं, आणि मी दुसरीतल्या मुलासारखाच ऐकत गेलो. तिकडे मुलं सरकारकडून कर्ज घेऊन शिकतात. शिकत आहेत तोवर सरकार हप्ता मागत नाही. ज्या दिवशी मुलाने शिक्षण सोडलं त्या दिवसापासून सहा महिने मोजायचे, मग हप्ता सुरू. मोजणार सरकार, पण मूल कधी गेलं हे सरकारला सांगणार कोण? विद्यापीठ. दर महिन्याला यादी वर जाते. यादीत प्रत्येक नावापुढे एक खूण असते: पूर्ण वेळ शिकतो, अर्धा वेळ शिकतो, सोडून गेला. सोडून गेला तर कोणत्या तारखेला. हे साठ दिवसांच्या आत कळलंच पाहिजे असा नियम. कळलं की त्या मुलाला पत्र जातं, बाबा रे, तुझे महिने सुरू झाले, तयारी कर.

"आणि नाही कळवलं तर?" मी विचारलं.

"महिने तर चालूच राह्यतात ना बाबा. फक्त तिले कोनी सांगत नाई."

ती मुलगी सहा फेब्रुवारीला शिक्षण सोडून गेली होती. तिच्या फाइलमध्ये एक टिपण होतं, आई आजारी आहे, उन्हाळ्यानंतर परत येईन. जान्हवीने ते वाचलं आणि ती खूण बदलली नाही. मार्चच्या यादीत नाही, एप्रिलच्या नाही, मेच्या नाही. "मले वाटलं, येईल," ती म्हणाली. मग तिने कप उचलला, तोंडाला न लावताच खाली ठेवला, आणि तिची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीकडे गेली. मी मागे वळून पाहिलं नाही. तिथे काय आहे ते मला माहीत आहे.

तिथे जवळच्याच निर्मल गावच्या कारागिरांनी केलेली एक लाकडी पाटी आहे. काळी, चकचकीत, कडेने सोनेरी वेल, एका कोपऱ्यात मान वळवून पाहणारं हरण. मधोमध एकच शब्द: ‘येईल’. मी निवृत्त झालो तेव्हा गावाने वर्गणी काढून ती दिली. त्या शब्दाची गोष्ट अशी. माझ्या वर्गात हजेरी घेताना एखादं मूल आलेलं नसेल, तर बाकीच्या मुलांनी ‘गैरहजर’ म्हणायचं नाही. सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ‘येईल!’ कापूस वेचणीला गेलेलं असो, तापाने पडलेलं असो, मामाच्या गावाला असो. नाव घेतलं की वीस-पंचवीस गळ्यांतून एकदम, ‘येईल!’ छपरावरचे पारवे उडायचे. कितीतरी मुलं त्या एका शब्दावर परत आली असं लोक म्हणतात, आणि काही खरंच आली. मी नाव कापायचो नाही. नाव कापलं की मुलाच्या पायाखालची पायरी निघते, असं मी नव्या मास्तरांना सांगायचो. जान्हवी चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. ती खिडकीपाशी बसायची आणि सगळ्यांत मोठ्याने ‘येईल’ म्हणायची, कारण वडील मास्तर.

"तुमीच तर शिकवलं होतं," जान्हवी म्हणाली. रागाने म्हणाली नाही. ते जास्त वाईट होतं.

माझे कान गरम झाले. या वयात, त्रेसष्टाव्या वर्षी, कान गरम होतात हे मला नवीन होतं. पण ती ऊब ओळखीची होती. एका विशिष्ट टेबलापाशी, एका विशिष्ट सकाळी ते असेच तापले होते, आणि मी तेव्हा उपरण्याने घाम पुसल्यासारखं करून ते झाकले होते. रमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काऊन गप झाले दोघं बी? चहा थंडा करून राह्यले का?" मी म्हणालो, घेतो, घेतो. चहा घेतला. तोंडात साखर कळली नाही.

"आता पकडलं गेलं," जान्हवी सांगत होती. "आज संध्याकाळी दुरुस्तीची यादी जाईन. माह्यावरचे प्रवीणसर म्हनले, आजचीच तारीख टाक. ती याच आठवड्यात गेली असं दिसन, उशीर दिसनारच नाई. खरी टाकली तर चूक माह्या नावापुढे लागते. माह्या आधीच्या पोरीले याच्यावरूनच काढलं."

"आणि त्या मुलीचं?"

"खरी टाकली तर तिच्यापाशी दीड महिना उरते. पत्र जाईन, तयारी तरी करन. खोटी टाकली तर तिले वाटन, अजून सहा महिने हायेत. पुढं कोनी तपासलं की महिने खऱ्या तारखेपासून मोजतेत आनि थकलेले हप्ते तिच्याच अंगावर पडतेत." मग तिने ते विचारलं, एखाद्या गणिताचं उत्तर विचारावं तसं, माझ्यावर पूर्ण विसंबून. "बाबा, कोनती तारीख टाकू?"

आता थांब. इथे तू म्हणशील, यात काय अवघड आहे, खरी तारीख टाक म्हणावं. मलाही ते म्हणता आलं असतं. जिभेवर होतं. पण हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मला याआधी एकदा विचारला गेला होता, दहा वर्षांच्या एका मुलीने, आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. ज्याला एकदा देता आलं नाही त्याने दुसऱ्यांदा ते सहज द्यावं हे मला चोरीसारखं वाटलं. मी उठून खिडकीपाशी गेलो. बाटलीचा टकटक आवाज लांब गेला होता. कुठल्यातरी जिनिंगच्या आवारातून जुन्या सरकीचा वास येत होता, उन्हाळाभर बंद राहिलेल्या गोदामाचा, आणि त्या वासाबरोबर ती शाळाच आली.

त्या शाळेचं नाव मी सांगत नाही. बोथहून पुढे, पैनगंगेच्या अलीकडे (नदीपलीकडे महाराष्ट्र), एका छोट्या गावातली मराठी शाळा, पाचवीपर्यंत. दोन मास्तर: मी आणि जयवंताबाई. आदिलाबादहून बसने जायचो, फाट्यावर उतरून वीस मिनिटं चालायचो, दोन्ही बाजूंना कापूस. सगळ्या वर्गांची मिळून हजेरीची एकच वही, आणि त्या वर्षी त्या वहीत वीस नावं. वीस हा आकडा लक्षात ठेव. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी पट मोजला जायचा, वर कळवला जायचा. विसाच्या खाली गेला की दोनातला एक मास्तर उचलायचा. त्या शाळेत जयवंताबाई माझ्या आधीपासून, मी नंतर आलेला. म्हणजे उचलायचा तो मी. कुठे टाकतील याचा नेम नव्हता. त्याच उन्हाळ्यात एका ओळखीच्या मास्तराला पार बेल्लमपल्लीकडे टाकलं होतं, आणि माझी निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. रमाबाईला एकटीला घरी ठेवून कोळशाच्या गावात खोली घेऊन राहायचं, हाताने भात शिजवायचा, या विचाराने मला मे महिन्यातच छातीत भरून यायचं. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही. स्वतःलाही या शब्दांत सांगितलं नाही. मी फक्त रोज मनात मोजायचो. वीस. आहेत.

रूपालीचा हजेरीत नंबर चौदावा. पण माझ्या मोजणीत ती विसावी. पाचवीत होती. बारीक, कोपरं नेहमी खरचटलेली, आणि गणितात अशी की मला शिकवताना भीती वाटावी. दर शनिवारी मी एका मुलाला हजेरीची बेरीज करायला द्यायचो. वही, फूटपट्टी आणि माझं लाल पेन. तो मान असायचा. हजर असेल तर तिरपी रेघ, नसेल तर टिंब. रेघा मोजायच्या, आठवड्याची बेरीज कडेला लिहायची. रूपाली बोट न लावता, नुसत्या डोळ्यांनी मोजायची, आणि लिहून झालं की पेनचं टोपण लावून पेन माझ्या हातात उलटं द्यायची, म्हणजे निब माझ्याकडे येऊ नये. मी तिला सांगितलं होतं, या वर्षी नवोदयची परीक्षा आहे, पाचवीतल्या मुलांनीच द्यायची, एकदाच देता येते. तू दे, तू बसशील त्यात. सांगितल्यावर तिने मला एकच विचारलं, "तिथं गणिताचे मास्तर वेगळे असतेत का?" मी म्हणालो, वेगळे असतात. ती म्हणाली, "मंग ठीक हाय." आणि सगळा वर्ग हसला, मीही.

जुलैच्या मध्यात तिची नदीपलीकडची आजी पडली, कमरेचं हाड मोडलं. रूपालीची आई आईच्या सेवेला गेली, लेकरू बरोबर. पंधरा दिवस म्हणून गेले. ज्या दिवशी शाळेत झाडं लावली होती त्याच्या दुसऱ्या दिवशी. पंधराचे तीस झाले. मी रोज नाव घ्यायचो, रूपाली चंपतराव, आणि मुलं म्हणायची, ‘येईल!’ मी टिंब द्यायचो. ऑगस्टमध्ये जयवंताबाई वहीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "सर, पोट्टी तर पल्याडच्या शाळेत बसून राह्यली म्हनते. मामानं नेऊन घातली. नाव खारीज करून टाका ना." दाखल-खारीजचं रजिस्टर कपाटात होतं, चावी माझ्या खिशात. मी म्हणालो, "परत येईल हो, एवढी काय घाई?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीतल्या पटाच्या आकड्याकडे पाहिलं, आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "तुमचं ‘येईल’ लय कामाचं हाय, सर." त्या पुन्हा कधी त्या विषयावर बोलल्या नाहीत. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा टिंबाच्या जागी रेघ ओढली. महिनाभर नुसती टिंबं दिसली तर तपासणीत कुणी विचारेल, म्हणून आठवड्यातून एक. मग दोन. सप्टेंबरात चार-चार. रेघ ओढताना हात थरथरत नाही, हे तुला सांगून ठेवतो. लहानपणी मला वाटायचं, खोटं लिहिताना हात थरथरत असेल. काहीच होत नाही. शाई तीच, रेघ तीच, आणि दुपारच्या भाताचा आकडा एकाने वाढतो.

मी स्वतःला काय सांगत होतो? की मी नाव जपून ठेवतो आहे. लेकरू उद्या परत आलं तर त्याला जागा असावी. हे मी इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितलेलं होतं की ते माझ्या तोंडात आपोआप तयार व्हायचं, जशी लाळ तयार होते. आणि त्यात थोडं खरंही होतं, तेच तर वाईट. पूर्ण खोटं असतं तर मी ते केव्हाच थुंकून टाकलं असतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला चंपतराव आले. रूपालीचे वडील, उंच, वाकलेले, चप्पल ओट्याखाली काढून वर आले. "गुरुजी, दाखला पायजे होता पोरीचा. तिकडले हेडमास्तर म्हनतेत, दाखल्याबिगर नाव लिवत नाई, फारम बी भरू देत नाई. ते नवोदयचं." मी त्यांना पाणी दिलं. मी म्हणालो, "अहो चंपतराव, सासूबाईंना बरं वाटलं की येणारच ना सगळे? इथलं नाव कापून काय करता? फॉर्मचं बघू. मी आहे ना." मी आहे ना, असं म्हणालो मी. फॉर्म इथून भरता येणार नव्हता, पोरगी ज्या जिल्ह्यात बसते तिथूनच भरायचा होता. मला ते माहीत होतं. शेवटची तारीख महिन्याच्या मध्यात होती. तीही माहीत होती. पट मोजायची तारीख महिन्याच्या शेवटी. मधले पंधरा दिवस. कापूस फुटायच्या आधीच्या हवेत एक जडपणा असतो, तो त्या खोलीत होता. चंपतरावांनी हात जोडले. "तुमी म्हनता तर राहू द्या. नाव जपून ठेवून राह्यले, कोन करते गुरुजी एवढं?" ओटा उतरताना त्यांनी उंबऱ्याला हात लावला. मी ते पाहिलं. आजही पोळीचा तुकडा मोडताना कधीकधी मला तो हात दिसतो, उंबऱ्याला लागून कपाळाकडे जाणारा.

तीस सप्टेंबरला पट मोजला गेला. वीस. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, वा, मास्तर, पट टिकवला तुम्ही. त्यांनी चहा घेतला, मुलांकडून ‘येईल’ म्हणवून घेतलं आणि मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. दोन ऑक्टोबरची सुट्टी झाली. चंपतराव येणार असा निरोप होता, तीनला मी दाखला तयार ठेवला. शाळा सोडल्याची तारीख या रकान्यात मी लिहिलं, तीन ऑक्टोबर. कारण वहीत ती तोवर हजर होती.

हे सगळं मी जान्हवीला कधी सांगितलं नव्हतं. रमाबाईलाही नाही. निवृत्तीच्या दिवशी त्या पाटीवरचा कागद फाडताना सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी हरणाकडे पाहत होतो, कारण शब्दाकडे पाहवत नव्हतं. मग घरी आणून ती भिंतीवर मीच लावली, मीच खिळा ठोकला. तुला वाटेल, मग लावायची कशाला? लावली नसती तर कुणीतरी विचारलं असतं. गेली पाच वर्षं मी तिच्याखाली बसून पेपर वाचतो, पाठ तिच्याकडे करून. आणि नदी इथून फार लांब नाही, बसने तासभर. ती मुलगी आता अठराची असेल. काय करते, शिकते का, कुठे आहे, हे मी एकाही माणसाला विचारलेलं नाही. रस्त्यात कुणी त्या गावचं भेटलं तर मी पिकाचं विचारतो.

"बाबा," जान्हवी मागून म्हणाली, "काऊन असं उभे हाय तुमी? तब्येत बरी हाय ना?"

मी वळलो. तिच्या डोळ्यांखाली रात्रीच्या कामाचं काळं होतं. तिच्या हातात तो कप अजून तसाच, आणि चेहऱ्यावर वर्गातल्या पहिल्या रांगेतला तो विश्वास, की मास्तरांना उत्तर माहीत असतं. तो घालवायचा म्हणजे काय घालवायचं हे मला त्या क्षणी नीट दिसलं. तिच्या मनात मी जो माणूस होतो तो त्या खोलीतून उठून जाणार होता आणि परत येणार नव्हता. तरी मी पाटी खिळ्यावरून काढली. मागे भिंतीचा चौकोन स्वच्छ, बाकीपेक्षा पांढरा. पाटी तिच्यासमोर टीपॉयवर हेल्मेटशेजारी ठेवली आणि खुर्ची ओढून बसलो. रमाबाई दारात येऊन उभी राहिली, हाताला कणीक. मी म्हणालो, "तारखेचं मला विचारू नकोस. एका मुलीने काय केलं ते सांगतो. मग तुझं तू ठरव." आणि मी सांगितलं, जुलैपासून, तुला सांगितलं तसंच, रेघांसकट, बेल्लमपल्लीसकट. मध्ये जान्हवीने एकदाही धीर दिला नाही. बरं केलं. शेवटी त्या सकाळवर आलो.

तीन ऑक्टोबर. मी वर्गात हजेरी घेत होतो, दार माझ्या समोर, मुलांची पाठ दाराकडे. चंपतराव आणि रूपाली येऊन दारात उभे राहिले. मी त्यांना पाहिलं, आणि तरी सवयीने पुढचं नाव घेतलं, तिचंच. मुलं म्हणाली, ‘येईल!’ एक पोर मागे वळलं आणि ओरडलं, "सर, आलीच की वो!" मग जो काय गोंधळ! मुलं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, त्यांच्या शब्दाने आणली. जयवंताबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. चंपतराव म्हणाले, "दाखला न्यायले आलो गुरुजी. फारमची तारीख तर निघून गेली. जाऊ द्या, तुमी तरी काय करान." आणि हसले, माझं ओझं हलकं करायला हसले. मी दाखला दिला. माझे कान तापले होते. उपरण्याने घाम पुसला.

रूपाली टेबलापाशी आली. उंच झाली होती थोडी. टेबलावर वही उघडी होती, आणि तिला वही वाचता यायची, मीच शिकवली होती. तिचे डोळे चौदाव्या ओळीवरून सरकत गेले, बोट न लावता, शनिवारी जायचे तसे. मग थांबले. परत मागे आले. या वेळी तिने बोट ठेवलं.

"सर, ह्या दिवशी मी नव्हते."

तिचं बोट पुढच्या रेघेवर सरकलं.

"ह्या बी दिवशी नव्हते." ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, हे तुला सांगायला मला सगळ्यांत जड जातं आहे. तिला वाटलं, माझी चूक झाली आहे. मास्तर म्हातारे होत आहेत, एकाच वहीत सगळे वर्ग, रेघ एका ओळीने खाली सरकली असेल. शनिवारी अशा चुका ती मला नेहमी काढून दाखवायची आणि मी तिला शाबासकी द्यायचो. "ह्या माह्या नाईत, सर," ती म्हणाली, समजावल्यासारखी. "दुरुस्त करू?"

माझी मान हलली की नाही मला आठवत नाही. तिने टेबलावरची फूटपट्टी घेतली, माझं लाल पेन घेतलं, पट्टी आपल्या नावाखाली नीट टेकवली आणि नावावरून एक रेघ ओढली, न थरथरता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग पेन उचलून विचारलं, "तारीख कोनती टाकू?" मुलं माना उंचावून बघत होती. मुलांनाही काहीतरी कळलं असावं, किंवा नुसतीच उत्सुकता असेल. मी वहीकडे पाहत राहिलो. ती थोडा वेळ थांबली. मीच शिकवलं होतं, समोरच्याला उत्तराला वेळ द्यावा. मग तिने स्वतःशीच आठवलं, ओठ हलवत, "झाडं लावली त्या दिवशी होते मी," आणि लिहिलं, तेरा जुलै. पुढच्या एकेका खोट्या रेघेभोवती तिने लाल गोल केला. खऱ्या रेघा मोजल्या, बेरीज कडेला लिहिली. पेनचं टोपण लावलं आणि उलटं धरून माझ्यापुढे केलं. मी ते घेतलं नाही, माझे हात मांडीवर होते, म्हणून तिने ते वहीच्या घडीत ठेवलं. चंपतराव दारातून म्हणाले, "चाल माय, बस निघन." ती वळली, आणि परत थांबली. हजेरी मध्येच राहिली होती. चौदाच्या खाली सहा नावं वाट पाहत होती.

मग तिने वहीवर वाकून पंधरावं नाव मोठ्याने वाचलं, मान वर केली, आणि ‘हजर’ ऐकू येईपर्यंत वाट पाहिली.